ब्रह्मगिरीची फेरी आणि गौतमऋषींचे शेत

॥ श्री त्र्यंबकराज प्रसन्न ॥

श्रावण जवळ आला की देवस्थानच्या कार्यालयात दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न ऐकू येतो, ‘यंदा फेरी कोणत्या तारखेला?’ पंचांग उघडून श्रावणातील तिसऱ्या सोमवारची तारीख सांगितली की पुढचा प्रश्न येतो, ‘किती किलोमीटर?’ आणि त्यापाठोपाठ, ‘किती वाजेपर्यंत परत येऊ?’ या तिन्ही प्रश्नांची उत्तरे प्रस्तुत लेखकाला तोंडपाठ आहेत. परंतु ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालायची ती कशासाठी, आणि ती वाट इतक्या शेतांच्या कडेकडेने का जाते, हे इतक्या वर्षांत फार थोड्यांनी विचारले. ज्यांनी विचारले त्यांना कार्यालयाच्या खिडकीतून दोन वाक्यांत सांगता यावे असे ते उत्तर नव्हते. म्हणून विश्वस्त मंडळींकडून या पुस्तिकेची चार पाने मागून घेतली आहेत.

‘प्रदक्षिणा’ या शब्दात ‘दक्षिण’ म्हणजे उजवा असा अर्थ आहे. जे पूज्य, ते उजव्या हाती ठेवून त्याच्याभोवती चालणे म्हणजे प्रदक्षिणा. अंगणातील तुळशीला, पारावरच्या पिंपळाला, गाभाऱ्यातील देवाला आपण हेच करतो. ब्रह्मगिरीच्या ठायी मात्र देव गाभाऱ्यात मावणारा नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीचा हा कातळाचा पर्वतच येथे शिवस्वरूप मानिला आहे, आणि त्याला एक वळसा घालावयास सुमारे २० किलोमीटर चालावे लागते. हरिहराच्या डोंगरालाही कवेत घेणारी सुमारे ४० किलोमीटरची मोठी फेरी निराळी. ती करणारे थोडे, आणि ते कार्यालयात विचारावयास येत नाहीत. गावोगावचे लोक या प्रदक्षिणेला सरळ ‘फेरी’ म्हणतात. आम्हा शिकलेल्यांना प्रदक्षिणा हा शब्द भारदस्त वाटतो, पण फेरी या शब्दात पायांचा आवाज अधिक आहे असे मला वाटते.

रविवारी रात्रीपासूनच कुशावर्तावर स्नानाची गर्दी लोटते. स्नान करावे, त्र्यंबकराजाचे दर्शन घ्यावे किंवा कळसाला हात जोडावेत आणि निघावे. प्रयागतीर्थावरून वाट पहिन्याकडे जाते. अंजनेरीचा डोंगर, ज्याला हनुमंताचे जन्मस्थान मानतात, तो डाव्या अंगाला राहतो आणि ब्रह्मगिरी उजवीकडे. पहिन्यापर्यंत रस्ता ओळखीचा. त्यानंतर भिलमाळ, धाडोशी अशी गावे आणि पाडे लागू लागतात, आणि वाट डोंगराच्या पाठीमागे शिरते. त्र्यंबकात आलेल्या यात्रेकरूला ब्रह्मगिरीचा जो चेहरा दिसतो, तो येथे राहत नाही. कडे वेगळे, सोंडा वेगळ्या, धबधब्यांच्या रेघा वेगळ्या. पहाटेच्या धुक्यात तर उजवीकडे पर्वत आहे हे केवळ श्रद्धेनेच मानावे लागते. मग धुके क्षणभर फाटते, काळा ओला कातळ डोक्यावर उभा असलेला दिसतो, आणि नकळत तोंडून ‘हर हर महादेव’ निघते. सापगावाच्या बाजूने उतरून पुन्हा त्र्यंबक गाठले की फेरी पूर्ण होते. तरण्या पायांना पाच तास पुरतात, वडीलधाऱ्यांनी आठ धरावेत.

या वाटेवर एक गोष्ट अशी घडते की जी शेकडा नव्वद भाविकांच्या ध्यानात येत नाही. पूर्वेच्या अंगाला जो पाऊस पडतो तो गोदावरीत जातो, आणि दक्षिणगंगा म्हणून १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळतो. पहिने मागे टाकून आपण डोंगराच्या पाठीशी गेलो की तेथील ओहोळ वैतरणेचे. ते पश्चिमेला अरबी समुद्राकडे जातात. ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर या जलाशयांत साठून वैतरणेचे पाणी मुंबईच्या घराघरांत पोचते. म्हणजे मुंबईहून आलेला भाविक कुशावर्तात स्नान करून ज्या तीर्थाचे पुण्य घेतो, त्याच डोंगराच्या दुसऱ्या उतारावरील पाणी तो घरी रोज नळाखाली धरीत असतो. दोन समुद्रांना पाणी पुरविणारा हा एकच पर्वत, आणि त्याच्याभोवती आपण अनवाणी चालतो आहोत, एवढे जरी मनात असले तरी पायातला काटा थोडा कमी सलतो.

आता ही फेरी पहिल्याने कोणी घातली, ती कथा पाहू.

शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत ती सविस्तर आली आहे. ब्रह्मगिरीच्या परिसरात गौतमऋषी व त्यांची पत्नी अहल्या तप करीत असता शंभर वर्षांची अनावृष्टी झाली. झाडे वाळली, पशुपक्षी व मुनी परागंदा झाले. गौतमांनी वरुणाची आराधना केली. वरुणाने प्रसन्न होऊन एक लहानसा खड्डा खणावयास सांगितला आणि तो अक्षय पाण्याने भरून दिला. त्या पाण्यावर गौतमांनी भात व जव पेरले, फळझाडे लाविली. हिरवा ठिपका दिसताच दूरदूरचे ऋषी आपापल्या कुटुंबांसह व शिष्यांसह परतले, तेथे वस्ती झाली, आणि सर्वांचे पोट त्या एका पाणवठ्यावर चालू लागले.

पुढे भांडण कशावरून झाले ते नीट ऐकावे. यज्ञावरून झाले नाही, विद्येवरून झाले नाही. पाण्यावर आधी कोणी घागर भरावी, यावरून झाले. गौतमांचे शिष्य पाणी आणावयास गेले असता ऋषिपत्नींनी त्यांना मागे सारिले. मग अहल्या स्वतः पाणी भरून देऊ लागली. तेव्हा ऋषिपत्नींनी घरी जाऊन उलटेच सांगितले आणि ऋषींची मने कलुषित झाली. ज्याच्या पाण्यावर जगलो त्यालाच घालवून द्यावे, असे त्यांनी ठरविले, आणि त्यासाठी प्रत्यक्ष गणेशाची आराधना केली. गणेशांनी त्यांना परोपरीने समजाविले की उपकारकर्त्याला दुखविण्यात हित नाही. ऐकेनात. अखेर भक्ताधीन गणेश एका दुबळ्या गाईचे रूप घेऊन गौतमांच्या भातात शिरले. गौतमांनी गाईला हाकलण्यासाठी गवताची काडी उचलून तिच्याकडे टाकली, आणि त्या काडीच्या स्पर्शाने गाय गतप्राण झाली. (पार्वतीची सखी जया हिने गाईचे रूप घेतले, असाही या कथेचा एक पाठ परंपरेत सांगितला जातो.)

झाले! दबा धरून बसलेले ऋषी बाहेर आले आणि गोहत्यारा, गोहत्यारा असा एकच गिल्ला झाला. गौतम आश्रम सोडून दूर जाऊन राहिले. प्रायश्चित्त विचारले, तेव्हा सांगण्यात आले की आपले पाप मोठ्याने सांगत पृथ्वीप्रदक्षिणा करावी, व्रत करावे आणि ब्रह्मगिरीला एकशे एक प्रदक्षिणा घालाव्यात. किंवा येथे गंगा आणून तीत स्नान करावे व कोटी पार्थिव लिंगे पूजावीत. गौतमांनी ते मान्य केले. अहल्येसह पर्वताची प्रदक्षिणा व पार्थिवपूजन आरंभिले. पुढे शंकर प्रसन्न झाले, औदुंबराच्या ठायी गंगा प्रकट झाली, ती गौतमी किंवा गोदावरी. बृहस्पती सिंह राशीस येईल तेव्हा सर्व देव व तीर्थे येथे येतील, असे वचन दिले गेले. तेव्हापासूनची सिंहस्थाची परंपरा आपण २०१५ सालच्या पर्वणीत पाहिली आणि २०२७ च्या पर्वण्यांत पुन्हा पाहू.

या कथेतील एक संवाद मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि कीर्तनांतून तो बहुधा घाईने सांगितला जातो. शंकर प्रसन्न झाले तेव्हा ते गौतमांना म्हणाले की तू निष्पाप आहेस, या दुष्टांनी तुला फसविले. आपण असतो तर काय केले असते? ‘पाहा, मी सांगत नव्हतो का?’ असे म्हणून मोकळे झालो असतो, आणि शंकरांकडून त्या ऋषींना शिक्षा करवून घेतली असती. गौतमांनी उलट सांगितले की त्या ऋषींचे माझ्यावर उपकारच आहेत, त्यांनी हे केले नसते तर आपले दर्शन मला कसे झाले असते? गौतम निर्दोष होते. तरीही चालले. आपल्या हातून एक जीव गेला, मग तो कपटाने गेलेला असो, त्याची जबाबदारी त्यांनी पायांवर घेतली. ब्रह्मगिरीची पहिली फेरी ही अशा एका शेतकरी ऋषीची फेरी आहे. तिचा आरंभ दुष्काळात आहे, पाणवठ्यावरील भांडणात आहे आणि तुडविल्या गेलेल्या भातात आहे.

भाविकहो, आता फेरीच्या दिवशी वाटेच्या दोन्ही बाजूंना जे दिसते ते आठवावे. श्रावणाचा मध्य. आषाढात भाताची आवणी होऊन गेलेली असते, रोपांनी मूळ धरलेले असते, खाचरांत पाणी उभे असते. वरच्या उतारांवर नागली आणि वरई. बांधांवर तेरडा फुललेला, करवंदाच्या जाळ्या निथळणाऱ्या. ही शेती महादेव कोळी, ठाकूर, कोकणा, वारली अशा समाजांतील कुटुंबांची. बहुतेकांच्या जमिनी लहान, आणि पावसाळ्यातील हे एकच पीक वर्षभराचे. ज्या चार महिन्यांत त्यांनी अंग मोडून कमवायचे, त्यांतल्याच एका दिवशी लाखोंच्या संख्येने आपण त्यांच्या बांधांवर येऊन ठेपतो.

भाताचे खाचर म्हणजे काय, हे शहरातील भाविकास ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. खाचरे पायऱ्यांसारखी एकाखाली एक असतात. वरच्याचे पाणी खालच्यात, खालच्याचे त्याच्या खालच्यात. पाणी सोडण्याची तोंडे ठरलेली असतात. बांध म्हणजे मातीचा ढीग नव्हे, तो त्या पाण्याचा भाऊबंदांतील वाटप-करार आहे. एका ठिकाणी बांध फुटला तर वरचे रोप उघडे पडते, खालच्यात गाळ लोटतो आणि चार घरांचे गणित चुकते.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. १९९१ साली मी महाविद्यालयात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षात होतो. आम्ही आठ-नऊ मित्र फेरीला गेलो होतो. धाडोशीच्या पुढे वाट चिखलाने भरलेली, गर्दीने तुंबलेली, आणि पाऊस असा की शेजारचा माणूस ओळखू येऊ नये. वाट जेथे मोठे वळण घेते तेथे खालून आडवे गेले तर पाव तास वाचेल, असे आमच्यातल्या कोणीतरी म्हटले. तो कोणीतरी मीच होतो, हे लपविण्यात आता अर्थ नाही. आम्ही खाचरात उतरलो. रोपे पायांखाली मऊ लागली. पलीकडच्या बांधावरून एकामागून एक उड्या टाकल्या तशी मागच्याच्या पायाखाली माती खचली आणि पाणी खळखळत खाली निघाले.

पलीकडे एक म्हातारी उभी होती, डोक्यावर इरले. ती आता शिव्या देणार म्हणून आम्ही हसून घेण्याच्या तयारीत होतो. ती एवढेच म्हणाली, “देवाचीच माणसं ना रे तुम्ही? मग बांधावरून चालायचं.” आणि आमच्याकडे पाठ करून खाली बसली. दोन्ही हातांनी चिखल ओढून खिंडार बुजवू लागली. पाणी तो चिखल नेत होते, ती पुन्हा ओढीत होती. आमच्यातला एकजण हसला. आम्ही पुढे निघालो. त्या दिवशी फेरी संपवून त्र्यंबकराजापुढे हात जोडले तेव्हा काय मागितले ते आठवत नाही. चिखलातले ते दोन हात मात्र आठवतात.

पुढच्या वर्षी मी त्या वळणावर थांबलो. म्हातारी शेतातच होती. मी जवळ जाऊन सांगितले की गेल्या वर्षी तुमचा बांध आम्ही फोडला. तिने मला ओळखले नाही. “दरसाल कोणी ना कोणी फोडतंच बाबा,” ती म्हणाली, आणि पुन्हा कामाला लागली. क्षमा मागावयास गेलेल्याला याहून कठीण उत्तर मिळू शकत नाही. गौतमांना निदान त्यांची गाय ठाऊक होती. आम्ही इतके होतो की आमच्यातला कोणता, हे तिला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. त्या वर्षी मी अर्धा तास तिच्या बांधावर चिखल लिंपला. काम वाईट झाले, तिने नंतर ते पुन्हा करून घेतले असणार. आता ती नाही, तिचा नातू ते शेत करतो. फेरीच्या आदल्या दिवशी तो बांधाला काटेरी फांद्या लावतो. आम्ही गेल्या काही वर्षांपासून देवस्थानचे दोन स्वयंसेवक त्या वळणावर उभे करतो, एवढीच सुधारणा.

येथे एक शास्त्रीय शंका पुष्कळ जाणते भाविक विचारतात, तिचाही परामर्श घेतो. शिवमंदिरात आपण पूर्ण प्रदक्षिणा घालीत नाही. अभिषेकाचे पाणी जेथून बाहेर पडते त्या सोमसूत्रापर्यंत जाऊन मागे फिरतो, कारण ते ओलांडू नये असा दंडक आहे. मग ब्रह्मगिरी जर शिवस्वरूप, आणि त्याच्या मस्तकावरून पडणारे पाणी जर तीर्थ, तर त्याचे शेकडो ओहोळ ओलांडून आपण पूर्ण फेरी कशी घालतो?

शंका योग्य आहे. सोमसूत्राच्या नियमाला परंपरेनेच एक सवलत दिलेली आहे. ते गवत, काष्ठ, पाने, पाषाण, माती यांनी आच्छादिलेले असेल तर ओलांडण्यात दोष नाही, असे जुने लोक सांगत आले. ब्रह्मगिरीवरील पाणी असेच येते. गवतातून झिरपत, पाचोळ्याखालून, दगडांच्या आडून, मातीत मुरून. पर्वताने आपले सोमसूत्र स्वतःच झाकून घेतले आहे, म्हणून आपल्याला पूर्ण फेरीची मुभा आहे. हा अर्थ मी कोणत्या ग्रंथाच्या आधारे लावलेला नाही, तो माझा आहे, आणि विद्वानांनी खोडून काढल्यास माझी हरकत नाही. परंतु तो जर मान्य केला तर पुढचे ओघानेच येते. ते गवत, ती झाडे, ते दगड आणि ती माती काढून टाकली तर मुभाही गेली.

आणि ती काढण्याचे काम झालेले आहे. २०२१ साली ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी होणाऱ्या उत्खननाचा विषय वर्तमानपत्रांतून गाजला, पर्यावरणाची कळकळ असणारी मंडळी तेथे गेली, आवाज उठला. त्या प्रकरणात कोणाचे काय चुकले हे ठरविण्याचे हे स्थान नव्हे आणि देवस्थानचे ते कामही नव्हे. पण दरवर्षी फेरी घालणाऱ्याच्या डोळ्यांना जे दिसते ते सांगण्यास कोणाची परवानगी लागत नाही. पूर्वी जेथे पाय गवतात बुडत असे तेथे आता काही जागी लाल माती उघडी आहे, आणि पावसाचे पाणी तेथून झिरपत नाही, धावते. धावलेले पाणी उन्हाळ्यासाठी काहीच मागे ठेवीत नाही. त्र्यंबक परिसरात नाशिक शहरापेक्षा कितीतरी अधिक पाऊस कोसळतो, तरीही चैत्र-वैशाखात ब्रह्मगिरीच्या अंगाखांद्यावरील पाड्यांतून बायाबापड्या हंडे घेऊन लांबलांब चालत असतात. गौतमांच्या पाणवठ्यावरील भांडण पुराणात संपले, पाड्यावर संपलेले नाही. तेथे आजही आधी हंडा कोणाचा, हा प्रश्न आहेच.

दात्यांना उद्देशून दोन शब्द लिहिणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका सद्गृहस्थांनी मोठी देणगी देऊ केली होती. त्यांच्या मातोश्रींना फेरीत पाय घसरून इजा झाली होती, म्हणून वाटेच्या अवघड भागात फरसबंदी करून द्यावी असा त्यांचा शुद्ध हेतू होता. विश्वस्त मंडळात त्यावर दोन बैठका झाल्या. वाट देवस्थानच्या मालकीची नाही, ती कोणाच्या शेताची कड आहे, कोणाची वहिवाट आहे, कोठे वनखात्याची हद्द आहे, असे उत्तर त्यांना चिटणीस या नात्याने मीच लिहिले. खरे कारण त्या पत्रात नव्हते. फरशीखाली पाणी मुरत नाही, आणि फरशी झालेल्या वाटेवर सहा महिन्यांत दुकाने उभी राहतात. ते सद्गृहस्थ नाराज झाले, आणि त्यांच्या मातोश्रींचा पाय घसरलाच होता हेही खोटे नव्हे. त्या पत्राबद्दल मला अजून पूर्ण समाधान नाही. वृद्धांनी फेरी घालूच नये असे तर म्हणता येत नाही.

मात्र ज्यांना या वाटेसाठी काही द्यावेसे वाटते, त्यांनी फराळाच्या पाकिटांपलीकडे पाहावे ही विनंती. फेरीच्या दिवशी केळी, साबुदाण्याची खिचडी, चहा यांची वाटेवर कमतरता नसते. काही ठिकाणी तर भाविकाच्या हातात बळेच द्रोण दिला जातो, आणि दहा पावलांवर तो खाचरात पडलेला असतो. प्लॅस्टिकचे पेले भाताच्या मुळाशी रुतून बसतात. ते चिखलणीच्या वेळी पुढच्या ज्येष्ठात हाताला लागतात, तेव्हा फेरी घालणारा कोठे असतो? देवस्थानतर्फे २ ठिकाणी पाण्याची सोय असते. तेथे पितळी पेले ठेविले आहेत, ते विसळून परत ठेवावेत. फेरीनंतरच्या रविवारी कचरा वेचण्यासाठी आमची तुकडी पुन्हा त्याच वाटेने जाते. त्या दुसऱ्या फेरीला नाव नोंदविणारे दरवर्षी वीस-पंचवीसच असतात. तिचे पुण्य पहिलीपेक्षा कमी आहे असे कोणत्याही पुराणात मी वाचलेले नाही. ज्यांना द्रव्यदान करावयाचे आहे त्यांनी पाड्यांवरील विहिरींचा गाळ काढणे आणि झरे जपणे यासाठी वेगळी पावती मागावी, ती दिली जाईल.

निवृत्तिनाथांचे स्मरण केल्यावाचून फेरीची कथा संपत नाही. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई आपल्या चार लेकरांसह त्र्यंबकेश्वरी आले आणि ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणा घालू लागले, अशी परंपरेची कथा आहे. एके रात्री वाटेत वाघ आडवा आला. पळापळीत थोरला निवृत्ती ताटातूट होऊन एका गुहेत शिरला, आणि तेथे गहिनीनाथ बसले होते. समाजाने वाळीत टाकलेले ते कुटुंब. त्यांनाही गौतमांप्रमाणेच दोष लावला गेला होता, त्यांनीही याच डोंगराला उजवी घातली. गुहेतून परतलेल्या त्या मुलाने आपल्या धाकट्या भावाला जे दिले, त्यातून शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी झाली. १२९७ साली निवृत्तिनाथांनी याच पर्वताच्या पायथ्याशी समाधी घेतली. फेरीहून परतताना पाय दुखत असले तरी समाधीचे दर्शन चुकवू नये, मंदिर गावातच आहे. जाता जाता एक इशारा देतो. निवृत्तिनाथांना वाट चुकल्यावर गुरू भेटले हे वाचून काही उत्साही तरुण धुक्यात आडवाटांना शिरतात. त्यांना आजवर गुरू भेटल्याचे ऐकिवात नाही. शोधावयास मात्र गावकऱ्यांनाच आपली कामे टाकून जावे लागले आहे.

यंदाच्या फेरीसाठी आपल्या देवस्थानची तुकडी नेहमीप्रमाणे रविवारी रात्री कुशावर्तावर जमेल आणि स्नान, दर्शन आटोपून पहाटे निघेल. नावनोंदणी कार्यालयात सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत होते, शुल्क नाही. अनवाणी चालण्याचा नेम नसेल तर मागे पट्टा असलेली पादत्राणे घालावीत, साध्या चपला चिखलात राहतात. विजेरी, काठी आणि पाण्याचा तांब्या किंवा बाटली ज्याची त्याने आणावी. मधुमेह व हृदयविकार असलेल्यांनी औषधे जवळ ठेवून आपल्या गटप्रमुखास तसे सांगून ठेवावे. धाडोशीच्या पुढील वळणावर भगवी टोपी घातलेले दोन स्वयंसेवक उभे असतील. ते उजवीकडच्या बांधाने जावयास सांगतील, तो लांबचा आहे, त्याच बांधाने जावे.

— चिटणीस, देवस्थान कार्यालय